बारा रविवार

आज दारोदारी गुढ्या उभ्या राहिल्या. वेळूच्या काठीला बांधलेला खण, त्यावर पालथा घातलेला गडू, साखरेच्या गाठींची माळ, झेंडूचा हार आणि या साऱ्या साजात आपला कडसर, हिरवा वास राखून असलेला कडुनिंबाचा डहाळा. शके 1948 सुरू झाले. तसे पाहिले तर कालच्या उन्हात आणि आजच्या उन्हात काही फरक नाही. दूधवाला, पेपरवाला, नळाची वेळ सारे कालचेच. तरीही ओवा, मिरी, हिंग, मीठ, गूळ आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ घालून वाटलेला निंबाचा पाला जिभेवर ठेवला, की मागचा हिशेब मिटला आणि नवे पान उघडले असे मनाला खरोखरच वाटते. आपल्या पूर्वजांनी काळाच्या वाहत्या धाग्याला मारून ठेवलेल्या या गाठी मोठ्या शहाणपणाच्या आहेत. वर्षातून एकदा त्या आपल्याला थांबवतात, मागे पाहायला लावतात आणि पुढचे काही ठरवायला भाग पाडतात.

झाडांनी आपले नवे वर्ष आपल्या आधीच सुरू केलेले असते. पळस आणि पांगारा फुलून जवळजवळ सरले आहेत, काटेसावरीला बोंडे धरली आहेत, वावळाला फिकट हिरव्या चपट्या फळांचे घोस लटकले आहेत. कुसुंबाने अंगभर तांबडी पालवी ल्यायली आहे; लांबून पाहणाऱ्याला ती फुलेच वाटतात. पिंपळाची काही झाडे अजून उघडी आहेत, तर त्यांच्याच शेजारची काही कोवळ्या, तांबूस पानांनी झळाळत आहेत. आपल्या पुण्याच्या टेकड्यांवर सकाळी फिरायला जाणाऱ्यांना, नदीकाठच्या आणि पेठांमधल्या बागांत रोजची फेरी मारणाऱ्यांना हे काही नव्याने सांगायला नको. पाणी सर्वांत कमी आणि ऊन सर्वांत कडक होऊ लागते, नेमका तोच मुहूर्त साधून ही मंडळी नवी पाने काढतात. खोल गेलेल्या मुळांच्या जोरावर त्यांना ते परवडते. ज्यांची मुळे अजून वीतभरसुद्धा उतरलेली नाहीत, त्या रोपांचे काय, हा प्रश्न मात्र चैत्रात पडतो आणि तो आपल्यालाच सोडवावा लागतो.

गुढीवरचा तो डहाळा आला कोठून, हेही आजच्या दिवशी स्वतःला विचारून पाहायला हरकत नाही. बहुतेकांच्या दारात आता कडुनिंब उरलेला नाही. काहींनी तो मंडईतून आणला, काहींनी कोपऱ्यावरच्या टोपलीवाल्या मावशींकडून घेतला आणि काहींनी, अगदी खरे सांगायचे तर, काल संध्याकाळी सार्वजनिक बागेतल्या झाडाला हात घातला. एका डहाळीने झाड मरत नाही, हे खरे. पण एकच बाग दोन-तीनशे घरांना पुरवायची म्हटली की हाताच्या उंचीवरच्या फांद्या पाडव्याच्या दिवशी सोलल्या गेलेल्या दिसतात. ओढून तोडल्याने सालीची पट्टी खाली बुंध्यापर्यंत निघालेली असते. जे झाड आपण गुढीवर पूजतो, त्याचीच साल आपण सोलतो. झाडकात्रीने नीट छाटलेल्या डहाळ्यांची एक टोपली आदल्या दिवशी फाटकाशी ठेवली, तर बहुतेकांचा हात झाडापर्यंत जाणारही नाही. यासाठी ना ठराव लागतो, ना निधी. लागतो तो कुणा एकाने घेतलेला तासाभराचा कंटाळा.

असा कंटाळा आनंदाने घेणारी माणसे प्रत्येक गावात असतात आणि आजचा हा प्रपंच त्यांच्यासाठीच आहे. त्यांची संस्था नोंदलेली असतेच असे नाही. कुणी बँकेतून निवृत्त झालेले काका, कुणी शाळेत जीवशास्त्र शिकवून थकलेल्या बाई, हिंजवडीच्या कंपनीत आठवडाभर पडद्यासमोर बसून रविवारी मातीत हात घालायला येणारे तरुण, राष्ट्रीय सेवा योजनेची मुले, आईचा हात धरून आलेली दोन-चार बारकी पोरे. टिकाव, फावडे, घमेली, खुरपी एखाद्याच्या गाडीच्या डिकीत कायमची मुक्कामाला. सकाळी साडेसहाला जमायचे, नऊच्या आत ऊन चढण्यापूर्वी आवरायचे आणि मग कुणाच्या तरी थर्मासमधला चहा. या मंडळींना आपण रोज पाहतो, हसतो, एखादा ‘छान चाललंय’ म्हणतो आणि आपल्या फेऱ्या मोजत पुढे जातो. त्यांच्या कामाचा फोटो छापून आलाच तर तो जुलैत येतो, रोप हातात धरलेला. चैत्रात त्यांच्याकडे कुणी कॅमेरा घेऊन जात नाही, कारण चैत्रात पाहण्यासारखे काही नसते. वाकलेली पाठ आणि पाण्याचा कॅन, एवढेच.

वास्तविक बागेचे वर्ष ठरते ते याच दिवसांत. पुण्यात मोसमी पाऊस पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख 10 जून. यंदा पाडवा 19 मार्चला आला. मधल्या काळात येतात बारा रविवार. शिवाय यंदा ज्येष्ठ अधिक आहे. 17 मेपासून 15 जूनपर्यंत पंचांग थबकून उभे राहणार, वटपौर्णिमा जूनच्या अखेरीला जाणार आणि सणावारांचा सारा गोतावळा महिनाभर पुढे सरकणार. पंचांगाला अशी सवड काढता येते. रोपाला येत नाही. गेल्या आषाढात कौतुकाने लावलेले, श्रावणात हातभर वाढलेले, दिवाळीपर्यंत तकतकीत राहिलेले आणि संक्रांतीनंतर हळूहळू मलूल होत गेलेले ते रोप या बारा आठवड्यांत एक तर आपले होते, नाहीतर काटकी होऊन उभे राहते. बागेची काळजी वाहणाऱ्या जाणत्यांचे एक साधे परिमाण आहे: तीन उन्हाळे. पहिले तीन उन्हाळे झाडाला धरून राहायचे, मग ते आपले आपण पाहून घेते. तान्ह्या मुलाला घर जसे डोळ्यांआड होऊ देत नाही, तसे.

आपल्याकडे झाड लावण्याचा उत्सव आहे आणि तो चांगलाच आहे. केंद्रात अन्न व शेती खात्याचे मंत्री असलेल्या कन्हैयालाल मुनशी यांनी 1950 मध्ये वन महोत्सव सुरू केला, तेव्हापासून जुलैचा पहिला आठवडा देशभर रोपांचा झाला. महाराष्ट्राने तर त्याला मोठी आकडेवारी जोडली: 2016 मध्ये 2 कोटी, पुढच्या वर्षी 4 कोटी, मग 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी रोपांचा संकल्प. त्यातली जगली किती, हा प्रश्न पुढे विधिमंडळात गाजला आणि चौकशीसाठी समिती नेमण्यापर्यंत गेला. त्या वादाच्या राजकारणात आपल्याला शिरायचे नाही. पण लावलेल्या रोपांचा आकडा सहज सांगता येतो आणि जगलेल्यांचा आकडा विचारला की चाचपडायला होते, ही गोष्ट काही एका सरकारची नाही. आपल्या सोसायटीच्या, शाळेच्या, मंडळाच्या वृक्षारोपणाचेही तेच आहे. खड्डा, रोप, पाहुणे, नारळ, फलक, अल्पोपाहार इथवर सारे यथासांग होते. वर्षश्राद्धालाही कुणी फिरकत नाही.

म्हणून झाड लावण्याच्या सोहळ्याइतकाच पाणी घालण्याचा दिवस मानाचा ठरला पाहिजे, असे आम्हाला वाटते. आणि त्यासाठी पाडव्यासारखा दुसरा दिवस नाही. ही काही आमची नवी टूम नव्हे. आपल्या जुन्या धर्मग्रंथांनी चैत्र शुद्ध प्रतिपदेलाच प्रपादान सांगितले आहे. प्रपा म्हणजे पाणपोई. पाडव्याला ती घालायची आणि उन्हाळाभर, पाऊस येईतो, चालवायची. ज्याला ते जमत नसेल त्याने निदान पाण्याने भरलेला घडा द्यावा. वैशाखात शिवपिंडीवर गळती बांधायची, पिंपळाच्या मुळाशी पाणी घालायचे, हे आपल्या आज्या-पणज्या कुणी न सांगता करीत आल्या. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना आंब्याची डाळ आणि गार पन्हे द्यायचे, ओल्या हरभऱ्यांनी त्यांची ओटी भरायची, यातही तहानेची जाणीव आहेच. उन्हाच्या तोंडावर दुसऱ्याची तहान आठवणे, हा चैत्राचा धर्म. मग तो दुसरा वाटसरू असो, गाय असो, चिमणी असो नाहीतर फाटकाजवळचे दीड फुटाचे बहाव्याचे रोप असो.

पाणी घालणे ही वरवर अडाणी वाटणारी गोष्ट आहे, पण ती करणाऱ्याला विचारावे. नवखा माणूस कॅन उपडा करतो. पाणी भसकन पडते, उतारावरून वाहून जाते आणि वरची अर्धी बोटभर माती ओली करून दुपारपर्यंत उडून जाते. मुळे त्या ओल्या थराशीच रेंगाळतात, वर येतात आणि वैशाखातल्या एखाद्या आठवड्यात पाणी चुकले की रोप माना टाकते. जाणता स्वयंसेवक आधी खाली बसतो. आळ्यातला पालापाचोळा हाताने बाजूला करतो, त्यात एखादी गोम किंवा विंचू नाही ना ते काडीने पाहतो, भेगाळलेली माती खुरप्याने अलगद भुसभुशीत करतो, तणाचा एखादा चिवट झुपका उपटतो. टेकडीच्या उतारावर आळ्याची कड खालच्या बाजूला उंच लागते. पावसात खचलेली ती कड दगडांनी पुन्हा बांधतो. मग कॅनच्या झाकणाला खिळ्याने पाडलेल्या भोकातून, बुंध्यापासून वीतभर लांब, वरच्या अंगाने धार सोडतो. पाच लिटर पाणी मुरायला वेळ लागतो, तोवर उकिडवे बसून राहायचे. शेवटी पाचोळा परत जिथल्या तिथे, चांगला चार बोटे जाड. ते आच्छादन नसेल तर घातलेल्या पाण्यातले निम्मे उन्हाच्या वाट्याला गेले म्हणून समजावे. काही ठिकाणी मडक्याला बारीक भोक पाडून त्यात सुती वात घालतात आणि मडके मुळाशी पुरतात. कुणी सलाइनच्या रिकाम्या नळ्या जोडतात. रोज घोटभर देण्यापेक्षा आठवड्यातून एकदा पोटभर द्यावे, म्हणजे ओल खोल जाते आणि तिच्या मागोमाग मूळही खाली उतरते.

आता जरा हिशेब मांडू. समजा, आपल्या जवळच्या टेकडीवर 300 रोपे आहेत आणि प्रत्येकाला आठवड्याला 10 लिटर पाणी द्यायचे आहे. म्हणजे 3,000 लिटर. पाच लिटरच्या कॅनचा हिशेब धरला तर 600 खेपा. रविवारच्या पंधरा-वीस जणांनी त्या करायच्या म्हटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला तीस-चाळीस येतात आणि वैशाखाच्या मध्यावर निम्म्यांची कंबर धरते. पण त्याच टेकडीवर रोज सकाळी फिरायला येणारे 200 लोक असतील आणि त्यांतल्या प्रत्येकाने आठवड्यातून तीनदा, रिकाम्या हाताने चढायचे त्याऐवजी एक कॅन घेऊन चढायचे ठरवले, तर 600 खेपा कुणाच्या लक्षातही न येता पुऱ्या होतात. अनेक टेकड्यांच्या पायथ्याशी पाण्याची टाकी, शेजारी कॅनची रांग आणि ‘वर जाताना एक कॅन घेऊन जा’ अशी पाटी असते. घाम गाळायलाच तर आपण तिथे जातो. तो गाळताना हातात पाणी असले तर व्यायामात काही उणे पडत नाही. हाताची पकडही सुधारते, असे म्हणतात.

चैत्रात एवढे लक्ष घातले की बागेचे उरलेले वर्ष आपोआप सणांच्या हाताने चालू लागते. आपल्या प्रत्येक सणाचे एक झाड आहे, पान आहे, फळ आहे आणि म्हणून आपल्या प्रत्येक सणाचे बागेशी एक नाते आहे, जे आपण जपतोही आणि ओरबाडतोही. वटपौर्णिमेला वडाच्या तोडलेल्या फांद्या बाजारात येतात आणि घरातल्या पाटावर पुजल्या जातात. त्यापेक्षा चार पावले चालून बागेतल्या उभ्या वडाला सूत गुंडाळावे आणि त्या निमित्ताने त्याच्या पारावरचा कचरा उचलावा. दसऱ्याला आपट्याच्या नावाखाली कांचनाची पाने सर्रास विकली जातात आणि आपण ती सोने म्हणून वाटतो. दोन्हींची पाने दुभंगलेली, म्हणून फसगत होते. भाद्रपदातल्या गणपतीच्या पत्रीचे तर विचारूच नये. एकवीस पत्रींची जुडी म्हणून जे हातात पडते, त्यात आघाडा, माका, डोरली, शमी, अर्जुन यांपैकी किती असतात, हे पाहणारा विरळा. बहुतेक वेळा रस्त्याकडेचा कुठलाही हिरवा पाला असतो. श्रावण सरता सरता बागेत एक पत्रीफेरी काढावी. वनस्पती ओळखणाऱ्या एखाद्या जाणत्याने मुलांना एकेक पान हातात देऊन त्याचा वास घ्यायला लावावा, ते उगवते कुठे हे दाखवावे आणि आघाडा ‘तण’ म्हणून उपटणाऱ्या माळ्यालाही त्या फेरीत आग्रहाने बोलवावे. अशी एक फेरी पाठ्यपुस्तकातल्या पर्यावरणाच्या धड्यापेक्षा मुलांच्या अधिक लक्षात राहते, हे ज्यांनी ती काढली त्यांना माहीत आहे.

दिवाळी हा पुण्यातल्या बागांचा मोठा हंगाम. संभाजी बागेत मुलांच्या किल्ल्यांची स्पर्धा, सारसबागेत दिवाळी पहाटेचे सूर आणि पणत्यांचा लखलखाट, आणि त्यानंतर दोन-अडीच महिन्यांनी प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास एम्प्रेस गार्डनमधले पुष्पप्रदर्शन. ही सारी गर्दी आपल्याला हवीच आहे. माणसे बागेत येत नसतील तर बाग ही नकाशातली हिरवी शाई होऊन राहील. फक्त ध्वनिवर्धकाचे तोंड झाडांकडे असू नये, एवढे भान हवे, कारण पहाटेचा पहिला हक्क पाखरांचा. सण उरकला की पणत्यांचे तुकडे आणि तेलकट द्रोण हिरवळीतून वेचायला जे चारजण उरतात, त्यांच्यात आपण आदल्या दिवशी गाणे ऐकलेल्यांपैकी किती असतो, हेही विचारावे. याच दिवसांतला एक सण आपण जवळजवळ विसरलो आहोत. कार्तिकातले आवळीभोजन. आवळ्याच्या झाडाखाली पंगत मांडून जेवायचे, बस्स इतकाच त्याचा विधी. घरून डबे आणावेत, एकमेकांच्या भाज्या चाखाव्यात आणि उठताना पानांखालची जागा होती तशी स्वच्छ करून निघावे. शेजाऱ्याला शेजाऱ्याशी बोलते करणारा इतका सोपा उपाय दुसरा नसेल. ज्या बागेत आवळ्याचे झाड नाही, तिथे येत्या आषाढात ते लागलेच पाहिजे.

पौष-माघात मात्र सणांचा मोह आवरून एक रूक्ष काम उरकावे लागते. टेकडीवरचे गवत वाळून पिवळे झालेले असते आणि विडीचे एक थोटूक किंवा कुणाचा तरी चावटपणा शेकडो रोपांची तीन वर्षांची पुण्याई अर्ध्या तासात संपवतो. गवत जाळले की पुढच्या वर्षी ते जोमाने येते, ही समजूतही अजून गेलेली नाही. म्हणून वाळलेले गवत पट्ट्यापट्ट्याने काढून जाळरेषा आखाव्या लागतात, म्हणजे आग लागलीच तर ती एका तुकड्यात अडते. ज्यांनी एकदा तरी हिरव्या डहाळ्यांनी वणवा झोडपला आहे, धुराने डोळे सुजवून घेतले आहेत आणि दुसऱ्या दिवशी काळ्या पडलेल्या उतारावर आपण नाव घेऊन लावलेली रोपे मोजली आहेत, त्यांना होळीच्या आधीचे पंधरा दिवस सुखाची झोप लागत नाही. बाकीच्यांनी निदान टेकडीवर काडी ओढू नये.

इथे उत्साही मंडळींना एक गोष्ट जरा स्पष्टच सांगितली पाहिजे. दिसली मोकळी जागा की लाव झाड, ही सेवा नव्हे. पुण्याच्या टेकड्यांचे बरेचसे उतार मुळात गवताळ आणि विरळ झाडीचे. त्या गवतात चंडोल, तितर, ससे, सरडे, पावसाळ्यात उमलणारी इवलाली रानफुले यांचे घर आहे. हिरवळ लवकर दिसावी म्हणून एके काळी याच उतारांवर गिरिपुष्प मुबलक लावले गेले. माघ-फाल्गुनात ते गुलाबी फुलांनी देखणे दिसते, यात शंका नाही. पण बाहेरून आलेल्या या झाडाने पुष्कळ ठिकाणी इथल्या झाडोऱ्याची जागा बळकावली आणि आता ती परत मिळवायला पिढी जाईल. कुठे लावायचे आणि कुठे हात आखडता घ्यायचा, हे शिकून घेणे हाही सेवेचाच भाग आहे. लावायचेच तर या मातीत शतकानुशतके रुजलेले लावावे.

उजाड जागेचे काय होऊ शकते, याचा दाखला आपल्या राज्यातच आहे. मुंबईत मिठी नदीच्या काठी, धारावीला लागून, जिथे शहराचा कचरा वर्षानुवर्षे ओतला गेला, त्याच ढिगांवर माती टाकून आज महाराष्ट्र निसर्ग उद्यानाचे जंगल उभे आहे आणि शाळांच्या सहली तिथे फुलपाखरे पाहायला जातात. तिकडे भायखळ्याच्या राणीच्या बागेत वेगळीच कथा घडली. दीडशे वर्षांहून जुन्या त्या वनस्पती उद्यानाचा कायापालट करण्याचे बेत पुढे आले, तेव्हा काही नागरिकांनी, त्यांत बायका पुढे होत्या, तिथल्या तीन हजारांवर झाडांची एकेक करून ओळख पटवली, नोंद केली आणि ही बाग म्हणजे प्राण्यांच्या पिंजऱ्यांमधली मोकळी जागा नव्हे हे शहराला पटवून दिले. झाडाला पाणी घालणे ही सेवा, तशीच त्याचे नाव माहीत असणे हीसुद्धा. आपल्याकडे 2023 च्या एप्रिलमध्ये, अशाच उन्हाळ्यात, वेताळ टेकडीसाठी पुणेकर मोठ्या संख्येने रस्त्यावर उतरले. त्या दिवशी चालणाऱ्यांपैकी अनेकांचे टेकडीशी नाते रोजच्या पायवाटेचे आणि पाण्याच्या कॅनचे होते, म्हणून त्या घोषणांना वजन होते.

याहून जुना दाखला हवा असेल तर देवराया आहेत. सह्याद्रीच्या कुशीतल्या कितीतरी गावांनी आपल्या ग्रामदैवताच्या नावाने जंगलाचा एकेक तुकडा राखला. त्यातली वाळकी काटकीसुद्धा कुणी चुलीला नेत नसे. डॉ. वा. द. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी 1970 च्या दशकात या देवरायांचा अभ्यास करून त्यांचे मोल जगापुढे मांडले. देवराईचा राखणदार देव होता. शहरातल्या बागेला देव नाही, पाटी आहे: ‘फुले तोडू नयेत’, ‘आज्ञेवरून’. आज्ञा कुणाची, हे पाटीवर लिहिलेले नसते आणि म्हणूनच बहुधा ती कुणी पाळत नाही. दैवताच्या धाकाने जे झाले, ते आता आपल्याला आपखुशीने करायचे आहे आणि ते अधिक अवघड आहे.

आपखुशीचे कौतुक करताना एक सावधगिरी मात्र बाळगली पाहिजे. स्वयंसेवक आहेत म्हणून माळ्याची जागा रिकामी ठेवायची, हा हिशेब कोणत्याही पालिकेने करू नये. 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्याने नागरी भागात वृक्ष प्राधिकरण आणले. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांहून जुन्या झाडांना वारशाचा दर्जा दिला आणि झाड तोडावेच लागले तर त्याच्या वयाइतकी रोपे लावण्याची अट घातली. कागदावर हे उत्तमच आहे. पण साठ वर्षांच्या चिंचेच्या बदल्यात साठ रोपे लावली आणि पुढच्या चैत्रात त्यांना पाणी देणारे कुणी नसले, तर चिंच तर गेलीच, वर साठ खड्डे उरले. नळजोड, टाकी, शुद्ध केलेल्या सांडपाण्याचा टँकर, कुंपण, पगारी माळी आणि त्याच्या हाताखाली माणूस ही पालिकेची आणि वन खात्याची जबाबदारी आहे. ती कुणाच्या हौसेवर सोपवून चालणार नाही. स्वयंसेवकांनीही ‘आमची टेकडी’ म्हणताना त्यातला ‘आमची’ फार मोठ्याने म्हणू नये. नवा माणूस आला की त्याला घमेले द्यावे, उपदेश देऊ नये.

येता रविवार 22 मार्चचा. आपल्या जवळच्या बागेत किंवा टेकडीच्या पायथ्याशी सकाळी साडेसहाला काहीजण जमलेले असतील. त्यांना आधी फोन करायची गरज नाही, वर्गणी नाही, नावनोंदणी नाही. जुने बूट घाला, डोक्याला टोपी किंवा पंचा असू द्या, घरात तेलाचा पाच लिटरचा रिकामा डबा असेल तर धुऊन सोबत घ्या. मुलांनाही न्या, आळ्यातला पाचोळा बाजूला करायला लहान हात बरे पडतात. एकच रोप निवडा आणि 10 जूनपर्यंत दर रविवारी त्याला पाणी द्या. एखाद्या रविवारी गावाला जाणार असाल, तर शेजाऱ्याला तेवढे सांगून जा.